खाद्यासाठीचा मका: पेरणीपासून पोत्यापर्यंत, यंत्र नेण्याआधी एवढं वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो, येवला-वैजापूर पट्ट्यात पिकणारा मका मुख्यतः कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. खाद्य कारखान्यात गाडी गेली की पोत्यात नळी खुपसून नमुना काढतात. आधी ओलावा बघतात, मग बुरशी, मग फुटका दाणा आणि माती. या चारही गोष्टींचा संबंध यंत्र कसं लावलं आणि कधी चालवलं याच्याशी आहे. म्हणून आमच्याकडून अवजार नेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हा कागद देतो.

पेरणी यंत्र

तिरप्या चकतीचं यंत्र (खाचांच्या चकतीने दाणा उचलणारं) न्या किंवा न्यूमॅटिक (हवेच्या जोरावर दाणा उचलणारं) न्या, रानात घालण्याआधी वाड्यातच तपासा. यंत्र ट्रॅक्टरच्या मागे उचलून धरा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि चाक हाताने दहा फेरे फिरवा. चाकाचा घेर १५७ सेंमी असेल आणि दाणा २० सेंमीवर हवा असेल, तर एका फेऱ्याला साधारण ८ आणि दहा फेऱ्यांना ८० च्या आसपास दाणे एकेका पिशवीत पडायला हवेत. एका पिशवीत ६० आणि दुसरीत ९० आले, तर चकती झिजलेली असते किंवा बियाण्याच्या आकाराची नसते. आम्हाला फोन करा, चकती बदलून देऊ. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ओळीत ६० सेंमी आणि दाण्यात २० सेंमी अंतर ठेवलं की एकरी सुमारे ३३,७०० झाडं बसतात. पेरल्यावर १० मीटर ओळ उकरून मोजा, ५० दाणे सापडले पाहिजेत. खोली ४ ते ५ सेंमी ठेवा. खत बियाण्याला चिकटून पडू देऊ नका, ते बाजूला आणि थोडं खाली पडलं पाहिजे. वापसा (पेरणीजोगी ओल) नसताना काळ्या रानात यंत्र घातलं तर नळीचं तोंड चिखलाने बुजतं आणि मागे रिकामी ओळ राहते. ती उगवणीनंतरच दिसते, तेव्हा हळहळून उपयोग नाही.

वेगाबद्दल मात्र आम्ही हट्टी आहोत. तिरप्या चकतीच्या यंत्राला ताशी ४ किमीच्या वर नेऊ नका. मीटर बघायची गरज नाही: ३० मीटर चालायला ट्रॅक्टरला २७ सेकंद लागले की वेग बरोबर. वेग वाढला की चकतीचे खाचे रिकामे सुटतात किंवा दोन-दोन दाणे एका जागी पडतात.

औषधाची प्रक्रिया केलेलं बियाणं उरलं तर कोंबड्यांना किंवा गुरांना अजिबात घालू नका. ते विषारी असतं.

सरळ ओळींचा आणखी एक फायदा आहे. २०१८ मध्ये आपल्याकडे आलेली लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, दडते. झाडं एका रेषेत असली की फवारा नेमका पोंग्यात सोडता येतो, आणि कोळपणीलाही ओळ तुटत नाही.

मळणी

नुकसान झालेलं आम्ही इथेच सर्वाधिक पाहिलं आहे. एका वर्षी आभाळ भरून आलं म्हणून आमच्याच माणसाने एका ग्राहकाच्या ओल्या बिट्या (कणसं) मळणी यंत्रात घातल्या. दाणे चिरडले, पोती भरली गेली, आणि आठवडाभरात पोत्याच्या मधोमध हात घातला तर गरम लागत होतं. वर हिरवट बुरशी. ती चूक आमची होती. तेव्हापासून ओलावा मोजल्याशिवाय आम्ही यंत्र सुरू करत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे पीक पक्व झालं. पण तेव्हा दाण्यात ३० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून कणसावरची पानं वाळून पांढरी पडेपर्यंत थांबा. मळल्यावर मूठभर दाणे तळहातावर पसरून बघा. दाणे चिरलेले दिसले तर ड्रमचा वेग कमी करा. कणसावर दाणे राहत असतील तर वेग न वाढवता आधी जाळीचं अंतर तपासा.

साठवायचा मका १२ ते १४ टक्क्यांपर्यंत वाळवा. ताडपत्रीवर पातळ थर द्या आणि दिवसातून चार-पाच वेळा हलवा. आमच्याकडचं ओलावामापक दिवसभरासाठी मोफत नेता येतं. ते मिळालं नाही तर कोरडी काचेची बाटली घ्या, एक तृतीयांश मका आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून तीन मिनिटं हलवा, मग पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे.

वाळवलं की वजन घटतं, असं बरेच जण म्हणतात, आणि ते खरंच आहे. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आणला की ९३ किलो भरतो. पण गेलेले ७ किलो पाणी असतं. ते पोत्यात ठेवलं तर बुरशी वाढते, आणि काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांचं यकृत बिघडवतं, गाईच्या दुधातही उतरतं. तुमचा मका कोणाच्या तरी गोठ्यात आणि खुराड्यात जाणार आहे.

हात आणि पदर

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट (यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात उपरणं किंवा साडीचा पदर गुंतला तर सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं झाकण काढलेलं दिसलं तर आम्ही यंत्र देणार नाही. बिट्या घालणाऱ्या बायकांना पदर खोचून, केस बांधून उभं करा. यंत्रात काही अडकलं तर आधी ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, मगच हात आत.

पाऊस पडल्यावर एकदम गर्दी होते, म्हणून पेरणी यंत्राची नोंद जूनच्या आधी करा. मळणीसाठी मात्र तारीख ठरवून येऊ नका. चार कणसं घेऊन या, ओलावा बघू आणि मग दिवस ठरवू.