साताऱ्यातून जाणारी वनस्पतींची सीमा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर दहिवडीला जेमतेम पाचशे. सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही, पण तेवढ्यात जांभूळ-अंजन-हिरड्याचं रान संपतं आणि बाभूळ, बोर, हिवर सुरू होतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानचे नऊ वनस्पती-प्रांत पाडले, तेव्हा मलबार (पश्चिमेकडचा ओला पट्टा) आणि दख्खन (पूर्वेकडचा कोरडा) यांची सीमा याच पट्ट्यातून गेली. सांगलीतही तेच: शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग एका बाजूला, जत-आटपाडी दुसऱ्या.

अशा वाटणीचा नियम त्याआधीचा. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ शाऊ यांनी 1823 च्या सुमारास अट घातली, की स्वतंत्र वनस्पती-राज्य (या वाटणीतला सर्वांत मोठा भाग) म्हणायचं तर तिथल्या निम्म्या जाती (species) आणि पाव प्रजाती (genera) तरी दुसरीकडे कुठे नसाव्यात. क्षेत्रफळाला किंमत नाही, प्रदेशनिष्ठतेला, म्हणजे फक्त तिथेच असण्याला आहे. म्हणूनच सोव्हिएत-आर्मेनियन वनस्पतिशास्त्रज्ञ ताख्ताजान यांच्या सहा राज्यांत, 35 प्रदेशांत आणि 152 प्रांतांत दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचा केप भाग एक अख्खं राज्य ठरतो. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान जागा, पण सुमारे नऊ हजार जाती आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक फक्त तिथल्याच. हे राज्य मानणं सगळ्यांना पटलेलं नाही. 2001 मध्ये जीवभूगोलाचे अभ्यासक कॉक्स यांनी ते यादीतून काढलं.

घोळ होतो तो दुसऱ्याच नकाशामुळे. कुठली वनस्पती कुठे सापडते याच्या नोंदी जुळाव्यात म्हणून 1992 मध्ये एक जागतिक आराखडा आला (सुधारित आवृत्ती 2001). त्यात नऊ खंड, त्यांचे प्रदेश, मग ‘वनस्पतिशास्त्रीय देश’ आणि शेवटी लहान घटक अशा चार पायऱ्या आहेत. त्याच्या रेषा बहुतांशी राजकीय; झाडांचं त्यात फारसं काही चालत नाही. तिसऱ्या पायरीवर हिमालयाचे दोन भाग, आसाम आणि बेटं वेगळी काढली, की उरलेला भारत एकच. कासची वायतुरा ही वनस्पती तिथे नोंदवली, की नकाशावर राजस्थानही रंगतो! चौथ्या पायरीवर महाराष्ट्र मिळतो, पण जतचं माळरान आणि कासचा सडा (खडकाळ पठार) तरीही एकाच रंगात. हा नकाशा यादी करायला उत्तम, सीमा शोधायला निरुपयोगी.

वाळवून जपलेल्या जुन्या वनस्पती-नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सातारा’ असेल, तर झाड मलबारातलं की दख्खनेतलं हे कळत नाही. गाव, तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश आणि खाली जांभा आहे की काळी माती, एवढं चिठ्ठीवर हवंच.