आधी नाव, मग कहाणी : ख्रिस्ती स्मरणामागचा इतिहास

घरातलं माणूस गेल्यावर ख्रिस्ती कुटुंबात सहसा दोन गोष्टी होतात. उपासनेत त्याचं नाव घेतलं जातं आणि जवळचं कुणीतरी उभं राहून त्याच्या आयुष्याबद्दल बोलतं. दोन्ही एकाच प्रसंगी होतात, म्हणून त्या एकाच काळातल्या वाटतात. तशा त्या नाहीत. नाव घेण्याची रीत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पहिल्या काही शतकांतली आहे. साध्या माणसाची जीवनकहाणी सांगण्याची प्रथा रुळायला मात्र बराच काळ जावा लागला, आणि तिला बळ मिळालं ते एका मोठ्या वादातून. गेलेल्या माणसासाठी मागे राहिलेले काही करू शकतात का, हा तो वाद.

त्याचं मूळ येशूच्याही आधीचं आहे. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे एका जुन्या यहुदी ग्रंथात, एक प्रसंग येतो. लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या कपड्यांखाली परक्या दैवतांचे ताईत सापडतात. सेनापती यहूदा त्यांचा धिक्कार करत नाही. तो सैन्यातून वर्गणी गोळा करतो आणि त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावं म्हणून यरुशलेमला पाठवतो. पुनरुत्थानाची आशा नसती तर मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं व्यर्थ ठरलं असतं, असं पुस्तक तिथेच सांगतं. सगळ्याच यहुद्यांना ही आशा मान्य नव्हती. त्यांच्यातल्या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी नाकारत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा हे पुस्तक शास्त्रात धरतात, प्रॉटेस्टंट धरत नाहीत. त्यामुळे पुढच्या भांडणात हा प्रसंग पुन्हा पुन्हा पुढे आला.

नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनातच हा प्रश्न ऐरणीवर आलेला दिसतो. इ.स. ५०च्या सुमारास प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिलं. प्रभू लवकरच परत येणार या आशेवर ती माणसं जगत होती, आणि तो येण्याआधीच त्यांच्यातले काही जण गेले. मग त्यांचं काय? ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं पौल सांगतो. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर मरण पावलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचं आहे हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडतो. ‘रडू नका, तो देवाघरी गेला’ असं शोकाकुल माणसाला घाईघाईने सांगणाऱ्यांनी ही ओवी आधी वाचावी, असं मला मनापासून वाटतं. विश्वास आणि अश्रू यांचं वैर शास्त्रात कुठेही नाही.

वधस्तंभावरच्या चोराची विनंतीही इथे ध्यानात घ्यायला हवी. तो आपल्या चांगल्या कामांची यादी देत नाही. तशी यादी त्याच्याजवळ नाहीच. ‘माझी आठवण करा’ एवढंच तो म्हणतो. ज्याला तो हे म्हणतो त्याने आदल्या रात्री भाकर मोडून ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असं शिष्यांना सांगितलेलं असतं. ख्रिस्ती स्मरणाचा पाया या दोन वाक्यांत आहे. आपण गेलेल्यांना आठवतो, पण त्यांचं असणं आपल्या आठवणीवर टिकून नसतं. त्यांना देव आठवतो. आपण मेजापाशी जमतो आणि त्याच्या आठवणीत आपलं माणूस सोपवतो.

स्मर्ना इथला बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्याला, इ.स. १५५च्या सुमारास, जिवंत जाळला गेला. त्याच्या मंडळीने लिहिलेला वृत्तांत आजही उपलब्ध आहे. त्याची हाडं आम्ही गोळा करून योग्य जागी ठेवली आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे जमून आनंदाने त्याचा हौतात्म्याचा जन्मदिवस (म्हणजे मृत्यूचाच दिवस) पाळू, असं ते सांगतात. ख्रिस्ती वर्षस्मरणाचे हे सर्वांत जुने पुरावे. पन्नासेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की मृत्यूच्या वार्षिक दिवशी आम्ही मृतांसाठी अर्पण करतो, आणि विधवा आपल्या पतीच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. म्हणजे हुतात्म्यांपुरती वाटणारी गोष्ट तोवर घराघरांत पोचली होती. रोमच्या भुयारी दफनभूमींत, कॅलिक्स्टस किंवा प्रिसिलाच्या कॅटाकोंबमध्ये, खडकात खोदलेल्या कोनाड्यांवरचे लेख फार थोडकं बोलतात : नाव, वय वर्षं-महिने-दिवसांत, आणि ‘शांतीत’. गुणगान नसतंच असं नाही, पण बहुतेकांच्या वाट्याला एवढंच आलं.

या आरंभीच्या काळातलं सर्वांत जिवंत साक्षीपत्र मात्र एका मुलाने आईविषयी लिहिलेलं आहे. मोनिका ही उत्तर आफ्रिकेतली बाई. कबरीवर अन्न-द्राक्षारस घेऊन जाण्याची तिकडची जुनी रीत ती मिलानमध्येही पाळायला गेली. बिशप अँब्रोझने हे बंद केलं आहे असं दारावरच्या माणसाने सांगितल्यावर ती निमूट परतली. इ.स. ३८७मध्ये आफ्रिकेला परतताना ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावं म्हणून तिने एके काळी जागा राखून ठेवली होती. शेवटी ती म्हणाली, या देहाला कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. फक्त तुम्ही जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे बिशप झाला, आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात हे सांगतो, आणि पुढे स्वतःविषयी जे लिहितो ते मला फार प्रामाणिक वाटतं. रडणं म्हणजे अविश्वास, अशा समजुतीने त्याने आधी डोळे कोरडे ठेवले. तिच्या नातवाने, म्हणजे ऑगस्टीनच्या मुलाने, टाहो फोडला तेव्हा त्याला गप्प केलं. दफन झालं, आंघोळ झाली, झोप झाली; मग बांध फुटला. थोडा वेळ मी आईसाठी रडलो, याला कुणी पाप म्हणत असेल तर त्याने हसू नये, माझ्यासाठी रडावं, असं तो देवासमोर म्हणतो. शेवटी वाचणाऱ्या प्रत्येकाला तो विनवतो, की मोनिका आणि तिचा पती पॅट्रिशियस यांची वेदीपाशी आठवण ठेवा. आईची एकच मागणी होती, ती त्याने पुस्तकातून कैक पटींनी पुरी केली. १९४५मध्ये ओस्तियात खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणणाऱ्या मुलांना तिच्या कबरेवरच्या लेखाचा तुकडा सापडला.

पुढे, इ.स. ४२१च्या सुमारास, संतांच्या कबरेजवळ पुरल्याने मृताला लाभ होतो का, असं नोलाच्या बिशप पॉलिनसने ऑगस्टीनला विचारलं. त्याने मोजून उत्तर दिलं : अंत्ययात्रेचा थाट हा जिवंतांचा दिलासा आहे, मृतांना मदत नव्हे, मदत होते ती प्रार्थनेने, आणि तीही आयुष्य जसं जगलं असेल त्या मानाने.

पूर्वेकडच्या मंडळ्यांनी स्मरणाला दिवस नेमून दिले. तिसरा, नववा, चाळिसावा आणि वर्षाचा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्या वेळी उकडलेला गहू ठेवतात, कारण जमिनीत पडून मेलेला दाणाच पीक देतो, हे येशूचं वचन. ‘चिरंतन स्मृती असो’ हे जे गातात त्यातही स्मृती देवाची अभिप्रेत आहे. आयुष्याची कहाणी तिथेही लिहिली गेली. निस्साच्या ग्रेगरीने इ.स. ३७९मध्ये गेलेल्या आपल्या बहिणीचं, मॅक्रिनाचं, सुंदर चरित्र लिहिलं. पण ते संतांसाठी. बाकीच्यांसाठी नाव पुरेसं मानलं जाई.

नाव किती मोलाचं होतं हे मध्ययुगीन मठांच्या वह्यांवरून कळतं. नवव्या शतकात रायखेनाऊच्या मठात तयार झालेल्या पुस्तकात हजारो जिवंत आणि मृत माणसांची नावं दाटीवाटीने लिहिली आहेत, कारण ही नावं वेदीपाशी प्रार्थनेत यायची होती. इ.स. १०००च्या आसपास क्लूनीचा मठाधिपती ओदिलो याने २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांसाठी ठरवला. ज्यांचं नाव घेणारं कुणी उरलं नाही, तेही त्यात आले.

मग हिशेब शिरला. शुद्धिस्थानाची, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा मरणानंतर शुद्ध होतो ही, शिकवण १२७४मध्ये लियोंच्या परिषदेत औपचारिकपणे मांडली गेली. तिच्याभोवती मृतांच्या नावे मिस्सांसाठी (वेदीवरच्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनांसाठी) ठेवलेल्या देणग्या वाढल्या, स्वतंत्र वेद्या आणि त्यांचे नेमलेले धर्मगुरू आले, पापदंडमाफीची पत्रं विकली गेली. श्रीमंताला शेकडो मिस्सा, गरिबाला फक्त २ नोव्हेंबर. १५१७मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने या व्यवहारावर बोट ठेवलं ते योग्यच होतं. फक्त उत्तर देताना सुधारकांपैकी अनेकांनी स्मरणाचा बराचसा भागच उपटून टाकला. इंग्लंडमध्ये १५४७च्या कायद्याने स्मरणवेद्या बंद झाल्या, १५५२च्या प्रार्थनापुस्तकातून मृतांसाठीची प्रार्थना गेली. जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन १५६४मध्ये स्वतःच्या इच्छेनुसार बिनखुणेच्या कबरेत गेला. इंग्लंडमधल्या कडव्या सुधारकांच्या १६४५च्या वेस्टमिन्स्टर उपासना-नियमावलीने तर दफन कोणत्याही विधीविना उरकायला सांगितलं. १६६२मध्ये इंग्लिश प्रार्थनापुस्तकात एक ओळ परत आली : विश्वासात निघून गेलेल्या सेवकांबद्दल देवाचे आभार.

आभार मानायचे तर कशाबद्दल, हे सांगावं लागतं. माझ्या मते कहाणीला सामान्य माणसाच्या दफनविधीत जागा मिळाली ती इथे. मृतासाठी मागायचं बंद झालं, तेव्हा त्याच्यातून देवाने काय केलं ते सांगणं सुरू झालं. जर्मनीच्या लूथरन भागांत दफनप्रसंगीची प्रवचनं जीवनवृत्तांतासह छापली जाऊ लागली, अर्थात छपाईचा खर्च झेपणाऱ्यांची. स्वतः लूथरची तेरा वर्षांची मुलगी मॅग्डालेना १५४२मध्ये गेली, तेव्हा त्याने मित्राला लिहिलं की आम्ही आभारच मानायला हवेत, पण हुंदक्यांशिवाय ते जमत नाही.

ही प्रथा खऱ्या अर्थाने सगळ्यांची केली ती मोरेव्हियन बंधुमंडळी या प्रॉटेस्टंट पंथाने. सॅक्सनीतल्या हेर्नहूटमध्ये अठराव्या शतकात रीत पडली, की प्रत्येकाने जमेल तेव्हा आपला जीवनवृत्तांत लिहावा किंवा सांगून लिहवून घ्यावा. अखेरचे दिवस दुसऱ्याने जोडायचे आणि दफनाच्या वेळी तो मंडळीसमोर वाचायचा. कारागीर, मोलकरणी, गुलामगिरीत विकली गेलेली आफ्रिकी माणसं यांचेही वृत्तांत त्यात आहेत. त्यांच्या दफनभूमीत मात्र दगड आडवे आणि एकसारखे. कहाणी प्रत्येकाची वेगळी, कबर सगळ्यांची सारखी. मला यापेक्षा शहाणी व्यवस्था दुसरी दिसलेली नाही. प्रशियात १८१६मध्ये राजाज्ञेने आगमनकाळाआधीचा (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांआधीचा) रविवार मृतांच्या स्मरणाचा ठरला, तो जर्मन प्रॉटेस्टंट आजही पाळतात.

पहिल्या महायुद्धाने नावं परत आणली. पुरायला देहच नव्हता अशा घरांना कहाणीने धीर येईना. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१५मध्ये धर्मगुरूंना २ नोव्हेंबरला तीन मिस्सा करण्याची मुभा दिली, आणि मृतांसाठी जाहीर प्रार्थना अँग्लिकन चर्चमध्येही पुन्हा ऐकू येऊ लागली.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये सांगितलं की अंत्यविधीतून ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानाचा अर्थ अधिक उघड व्हावा. न्यायाच्या दिवसाची भीती दाखवणारं जुनं स्तोत्र अंत्यविधीच्या मिस्सातून गेलं. प्रवचनाचं मात्र गुणगौरवाचं भाषण करू नये, असं कॅथलिक नियम आजही सांगतो. इंग्रजी विधिग्रंथात घरच्या माणसाने थोडक्यात आठवण सांगायला अखेरच्या निरोपाआधी जागा आहे. काही कुटुंबांना हा नियम टोचतो. पण ज्याचं आयुष्य गौरवण्याजोगं नव्हतं, त्या माणसालाही त्यामुळे तोच विधी मिळतो.

दहनाला १९६३मध्ये कॅथलिक चर्चने परवानगी दिली. २०१६च्या सूचनेत रक्षा विखरू नये, पवित्र जागी ठेवावी असं म्हटलं, म्हणजे मृत व्यक्ती कुटुंबाच्या आणि मंडळीच्या प्रार्थनेतून निसटणार नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने आणखी एक प्रश्न सोडवला : अनेकांची रक्षा एका सामायिक पवित्र जागी एकत्र ठेवता येईल, मात्र तिथे प्रत्येकाचं नाव नोंदलेलं असलं पाहिजे.