पार्श्वभूमी : गावच्या शाळेत फळ्याशेजारी पडदा

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत एकाच खोलीत चार इयत्ता बसतात. गुरुजी तिसरीला भागाकार समजावत असतात, तेव्हा पहिलीची मुले पाटीवर गिरवतात, दुसरी पाढे म्हणते आणि चौथी धडा वाचते. ‘ब्लेंडेड लर्निंग’ किंवा ‘मिश्र अध्ययन’, म्हणजे प्रत्यक्ष वर्ग आणि पडद्यावरचा पाठ यांची सांगड, हे शब्द आता परिपत्रकांत रुळले आहेत. पण या खोलीत पडद्यावरचा पाठ बसवायचा कसा, तो लावायचा केव्हा आणि ती वेळ ठरवायची कोणी, हे प्रश्न जुने आहेत. गेल्या पन्नास वर्षांचा हा इतिहास मला या शेवटच्या प्रश्नाभोवतीच फिरताना दिसतो.

सुरुवात उपग्रहापासून झाली. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ (सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्परिमेंट) हा उपग्रहावरून शिकवण्याचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाचा उपग्रह वापरून इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पुढे इन्सॅट उपग्रह आल्यावर शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यासाठी निवडक राज्यांत संस्था उभ्या राहिल्या आणि १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. त्या काळी शाळेत शिकलेल्यांच्या मनात ते नाव आजही आहे. कार्यक्रम मराठीत होते, आपल्या मुलांसाठी मुद्दाम केलेले होते. अडचण एकच होती, पण मोठी होती. कार्यक्रमाची वेळ दूरदर्शनची होती. पडद्यावर वनस्पतींचा पाठ आणि वर्गात अपूर्णांक, असे झाले तर शिक्षकाला थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे, उद्या पुन्हा दाखवता येत नसे. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, तर तो पाठ गेलाच.

याच काळातली दुसरी गोष्ट विसरता कामा नये. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे असे मूलभूत साहित्य मिळावे, हा तिचा हेतू. म्हणजे अवकाशातून पाठ येत होते आणि जमिनीवर फळा पोहोचायचा होता. ग्रामीण शाळेतले तंत्रज्ञान नेहमी या दोन टोकांच्या मध्येच उभे राहिले आहे.

मोठ्यांच्या शिक्षणात मात्र जोड आधी जमली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. घरी स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे, अशी त्याची रीत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड) एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम तर तालुक्याच्या बाजारपेठेत जाऊन बसला. शिकणाऱ्याने संगणकावरचा पाठ आपल्या गतीने करायचा आणि अडले की शेजारी शिकवणारा आहेच. गावोगावच्या असंख्य शिक्षकांचा संगणकाशी पहिला परिचय याच केंद्रांवर झाला. मिश्र अध्ययन हे नाव न घेता त्यांनी ते स्वतः अनुभवले होते.

शाळेतला पहिला लक्षणीय प्रयोग रायगड जिल्ह्यात झाला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही अमेरिकेतून आलेली कल्पना केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नाकारली होती. तरी पुढच्याच वर्षी कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले, एक खोली, एक गुरुजी आणि प्रत्येकाच्या हातात सशाच्या कानांसारखे दोन अँटेना असलेले यंत्र. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो त्या एका गुरुजींमुळे. एका इयत्तेला ते शिकवत असताना बाकीच्यांच्या हातात आता पाटीखेरीज आणखी काही होते, आणि ते केव्हा उघडायचे हे वर्गातच ठरत होते. देशभर मात्र ही योजना पसरली नाही.

पुढची लाट खालून आली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्याची शाळा डिजिटल झाल्याची बातमी पसरली आणि राज्यभरातले शिक्षक ती पाहायला जाऊ लागले. जून २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणला. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. कुठे लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला, कुठे जुना टीव्ही आणि पेन ड्राइव्ह. ज्यांच्याकडे काहीच नव्हते, त्यांनी मोबाइलपुढे तो मोठा करून दाखवणारे भिंग उभे केले आणि मुले त्याभोवती दाटीने बसली. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली, पण तोवर रिमोट गुरुजींच्या हातात आला होता. पाठ थांबवून “आता पुढे काय होईल?” असे विचारता येऊ लागले. हा बदल यंत्रापेक्षा मोठा होता. त्याच वेळी कित्येक शाळांची वीज थकलेल्या बिलापायी तोडली जात होती, हेही तितकेच खरे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला; मोबाइलने तो टिपला की त्या धड्याचा डिजिटल पाठ उघडतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत तो आला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-मंचाशी जोडला गेला. पुस्तक आणि पडदा एकाच पानावर आले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली.

तोवर करोनामुळे मार्च २०२० पासून शाळांना कुलूप लागले होते. व्हॉट्सअपवर रोज अभ्यासाच्या लिंक येत. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येऊ लागली, तर पालघर जिल्ह्यात काही गावांत ध्वनिक्षेपकावरून ‘बोलकी शाळा’ भरली. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या ज्या घरांत स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. पण फोन असलेल्या घरांतल्याही सुमारे २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. वडील रानात गेले की फोनही रानात जाई. राज्याच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. त्या काळाला मिश्र अध्ययन म्हणणे मला पटत नाही; त्यात पडदा होता, वर्गच नव्हता. जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने डिजिटल शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि प्रत्यक्ष वर्गाची जागा सांभाळून मिश्र पद्धतीचा विचार मांडला.

आज रेंज नसलेल्या वाडीवरचे शिक्षक रात्री तालुक्याच्या घरी व्हिडिओ उतरवून घेतात आणि सकाळी ते पेन ड्राइव्हवर शाळेत नेतात. तिसरीला तो दाखवताना आवाज बारीक ठेवतात, कारण त्याच खोलीत दुसरीचे पाढे चालू असतात.