आजी, वाघ आणि एक वाटी पातजुक

कोरियातल्या लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत एक आजी पुन्हा पुन्हा भेटते. ती शेतात खुरपत असताना वाघ येतो. आजी म्हणते, "एवढं पीक निघू दे. सगळ्यांत लहान दिवस येईल तेव्हा पातजुकची पेज करीन, ती खाऊन झाली की मग मला खा." ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन’ म्हणत वाघाला टोलवणारी आपली भोपळ्यातली म्हातारी आठवल्याशिवाय राहत नाही. या आजीकडे भोपळा मात्र नाही. ठरलेला दिवस येतो, पातजुक शिजते आणि आजी रडत बसते. मग चेस्टनट, जातं, चटई असं घरातलंच एकेक जण येऊन म्हणतं, "मला एक वाटी दे, मी तुला वाचवतो."

पुढची मारामारी मुलांना तोंडपाठ असते. वाघ शेकायला चुलीपाशी जातो, तर राखेतून चेस्टनट फुटून त्याच्या डोळ्यावर बसतं. डोळा धुवायला रांजणात तोंड घालावं, तर आतलं कासव चावतं. शेणावरून पाय घसरतो, खाली आरी टोचते, वरून जातं डोक्यात पडतं. पेंढ्याची चटई त्याला गुंडाळते आणि जिगे, म्हणजे पाठीवर ओझं वाहायची लाकडी चौकट, त्याला उचलून नदीत टाकते. सांगणाऱ्यागणिक मदतनीस थोडे बदलतात. चेस्टनट, शेण आणि वरून पडणारी जड वस्तू जपानच्या माकड-खेकड्याच्या गोष्टीतही आहेत, आणि वस्तूंनी मिळून दांडग्याला धडा शिकवायच्या गोष्टी युरोपातही सापडतात. पातजुक मात्र कोरियाची.

पातजुक म्हणजे अझुकी या लाल कडधान्याची दाट पेज, त्यात तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे. २२ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाला ती घरोघर होते. लाल रंगाला भुतंखेतं भितात अशी समजूत, म्हणून पूर्वी ती दारावर, भिंतीवर शिंपडायचे. आजी वाघाला नेमकी याच दिवसाची मुदत देते ती उगाच नाही. आणि वाघही नुसता गोष्टीतला नव्हता. कोरियाच्या जुन्या जोसन राजवटीत वाघ मारण्यासाठी खास सैनिक नेमलेले असत. जपानी अमलात ‘उपद्रवी जनावरं’ म्हणून त्यांची पद्धतशीर शिकार झाली, आणि आज दक्षिण कोरियाच्या रानात वाघ उरलेला नाही.

तोंडी गोष्टी छापून आल्या त्या याच जपानी काळात (१९१० ते १९४५). १९२२ मध्ये ‘गेब्योक’ मासिकाने वाचकांकडून जुन्या गोष्टी मागवल्या. १९२३ मध्ये बांग जंग-ह्वान यांनी मुलांसाठी ‘ओरिनी’ मासिक काढलं. १९२४ मध्ये वसाहत सरकारनेच कोरियन गोष्टींचा संग्रह छापला, पण जपानी भाषेत! १९२६ मध्ये शिम उई-रिन या शिक्षकाचा संग्रह कोरियन भाषेत आला. पुढे शाळांतून कोरियन भाषाच हद्दपार होत गेली, हे लक्षात घेतलं की या संग्रहांचं मोल कळतं. त्यांच्या मागे धडपडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चित्रांची गरज मात्र नंतर भासली. जुन्या श्रोत्याला जिगे म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं, ते दारात उभं असायचं. १९७० पासून ‘सेमाउल’ या ग्रामसुधार मोहिमेत गवताची छपरं गेली, पाठोपाठ लोक शहरांत गेले, दळायची जाती आणि चटया अडगळीत पडल्या. गोष्ट उरली आणि तिच्यातल्या वस्तू दिसेनाशा झाल्या. १९८८ च्या र्यू जे-सू यांच्या ‘बेकदू पर्वताची गोष्ट’ या पुस्तकापासून आधुनिक कोरियन चित्रपुस्तकाची सुरुवात मानतात. त्यानंतरच्या पिढीने लोककथा हौसेने चित्रांत आणल्या. माझ्या मते त्यांचं खरं काम वाघ रंगवण्यापेक्षा ते घर पुन्हा उभं करण्याचं होतं: चुलीचं तोंड, रांजणाची गोलाई, पेंढ्याची वीण.

आजीच्या गोष्टीची अनेक चित्ररूपं निघाली. त्यांतलं एक चित्रकार बेक ही-ना यांचं. वस्तू हाताने घडवून, त्यांवर प्रकाश टाकून फोटो काढायची त्यांची पद्धत या गोष्टीला फार शोभते, कारण इथे वस्तूच नायक आहेत. बेक यांना २०२० मध्ये एकूण कामगिरीसाठी बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय आस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन.