अप्रत्यक्ष सिद्धता

विधान खरे आहे हे पक्षाकडून (दिलेल्या गोष्टीकडून) साध्याकडे (सिद्ध करायच्या गोष्टीकडे) सरळ पायऱ्यांनी न जाता आडवाटेने दाखवण्याच्या पद्धतींना अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात. आडवाटा मुख्यतः दोन. पहिलीत ‘प असेल तर फ’ याऐवजी ‘फ नसेल तर प नाही’ हे समतुल्य विधान सिद्ध करतात. त्याची गल्लत ‘फ असेल तर प’ या व्यत्यासाशी करू नये, कारण व्यत्यास खोटाही असू शकतो. दुसरीत साध्य खोटे मानून विसंगती गाठतात. न्यायदर्शन या भारतीय तर्कप्रधान दर्शनातला ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ हा तर्क याच जातीचा. मात्र नैयायिक, म्हणजे या दर्शनाचे अनुयायी, त्याला स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) न मानता प्रमाणाचा साहाय्यक मानतात.

√2 अपरिमेय असल्याच्या सिद्धतेत दोन्ही वाटा एकत्र येतात. √2 परिमेय आहे असे मानून तो म/न असा लिहू. म आणि न या पूर्ण संख्यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नाही. मग म² = 2न², म्हणजे म² सम. यावरून म सम ठरतो, पण ही पायरी थेट दाखवणे अवघड जाते; उलट, म विषम असता तर (2क + 1)² = 2(2क² + 2क) + 1 यानुसार म² विषम झाला असता, हे एका ओळीत कळते. आता म = 2क घेतल्यास न² = 2क², म्हणून न हाही सम, आणि दोघांना 2 हा सामाईक विभाजक मिळून सुरुवातीचे गृहीतच कोसळते. चौरसाचा कर्ण आणि बाजू यांना सामाईक माप असते तर विषम संख्या सम ठरली असती, असा या युक्तिवादाचा उल्लेख ॲरिस्टॉटलनेही केला आहे.

गृहीताखाली मिळालेले निष्कर्ष गृहीताबाहेर खरे समजणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. उदाहरणार्थ, मूळ संख्या अनंत आहेत हे दाखवताना त्या मर्यादित आहेत असे मानून त्यांच्या गुणाकारात 1 मिळवतात. त्यावरून अशी प्रत्येक संख्या मूळच असते, असा समज होतो. वस्तुतः 2 × 3 × 5 × 7 × 11 × 13 + 1 = 30031 = 59 × 509. युक्लिडचा मूळ युक्तिवाद तर दिलेल्या यादीबाहेर आणखी एक मूळ संख्या असतेच, एवढाच आहे.

डच गणितज्ञ ब्राउवर यांनी 1908 मध्ये ‘विधान खरे किंवा त्याचा नकार खरा’ या नियमाच्या सरसकट वापरावर आक्षेप घेतला. ‘अशी संख्या नाही’ हे मानून विसंगती आली, तरी ती संख्या हाती लागत नाही, हे त्यामागचे कारण. √2 च्या सिद्धतेला मात्र हा आक्षेप लागू होत नाही; तिथे साध्यच नकारात्मक आहे.