मणका अरुंद झाला म्हणून अंथरूण धरू नका

‘मणक्यात गॅप कमी झालाय, आता आजोबांनी पडूनच राहायचं’ हा घरोघरी मिळणारा सल्ला चुकीचा आहे. कंबरेच्या मणक्यांतून नसा जातात ती नळी अरुंद झाली की उभं राहिल्यावर, चालताना नसा दाबल्या जातात. बसलं, पुढे वाकलं की आराम पडतो. झोपून नळी रुंद होत नाही, मांड्यांचे स्नायू मात्र काही दिवसांतच झडू लागतात. शिवाजी पार्कला फेरी मारा, पाय जड झाले की कट्ट्यावर बसा, कळ ओसरली की पुन्हा चाला. हातांचा आधार न घेता खुर्चीतून सलग ५ वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त लागले, तर ताकद घटली आहे, फिजिओथेरपिस्टला गाठा. ऑपरेशनचा निर्णयही नुसत्या वयावर नव्हे, त्रास किती आहे आणि एकूण तब्येत कशी आहे यावर अवलंबून असतो. लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मात्र ताबडतोब हॉस्पिटल.