हाळीव: बाळंतिणीच्या लाडवामागची पालेभाजी

लक्ष्मीपुरीच्या बाजारात बाळंतिणीच्या सामानाची यादी दिली की डिंक, खारीक, मेथी, ओव्यासोबत तांबूस, बारीक बियांची पुडी येतेच. कोल्हापुरात हाळीव म्हणजे एवढंच. या बीचं रोप मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं, आणि त्याची जुनी ओळख तर पानांची आहे.

हाळीव मोहरीच्या कुळातलं. फुलाला त्या कुळाच्या चार पाकळ्या, आणि पान चावलं की मोहरीसारखा झणका. पान चिरडलं की आतला विकर (एन्झाइम) गंधकयुक्त द्रव्य फोडतो, त्यातून तो तिखटपणा येतो. त्याची रानटी रूपं पश्चिम आशियात आणि ईशान्य आफ्रिकेत आढळतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकानं इराणी मुलांची शिदोरी नोंदवली आहे: घरून आणलेली भाकरी आणि तोंडी लावायला हाळिवाचा पाला.

आपल्याकडं मान मिळाला तो बियांना. संस्कृतात हाळीव म्हणजे चंद्रशूर. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ते बळ आणि पुष्टी वाढवणारं म्हटलंय. तिथंच मेथी, ओवा, कलौंजी आणि चंद्रशूर यांना मिळून ‘चतुर्बीज’ हे नाव आहे. या चारांतली तीन आजही वाण्याच्या त्या यादीत असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. गरोदरपणी हाळीव द्यायचं नाही, बाळंतपणानंतरच, हा दंडकही घरोघरी पाळतात.

लाडवात कोकण आणि देश एकत्र येतात. नारळ घाटाखालचा, गूळ इथला. त्या गुळाच्या व्यापारासाठीच शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली. हाळीव नारळाच्या पाण्यात भिजवलं की बीवरचं आवरण फुगून बुळबुळीत होतं. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचं. त्या चिकटपणामुळंच लाडू वळतो.

पाला मात्र आपल्या ताटात दिसत नाही, याची हळहळ वाटते. थंडीत परातीत ओल्या मातीवर मूठभर बी पसरलं तर दोन-तीन दिवसांत कोंब येतात, पंधरवड्याच्या आत कापता येतात. भाकरीबरोबर, दाण्याचं कूट आणि तेल घालून, कच्चाच खायचा.